शिशाच्या पडद्याआडून सुराबाया

बातमी

माझ्या आजाराची बातमी मला एका चर्चच्या हॉलमध्ये मसालेभात वाढताना कळली.

१९८९ सालचा गणपती होता. इंग्लंडातल्या लीड्समधली आम्ही पंधरा-वीस मराठी कुटुंबे दरवर्षी त्या हॉलमध्ये जमत असू. आरती नुकतीच संपली होती. कापराचा वास जुन्या मखमली पडद्यांना बिलगला होता आणि भिजलेल्या लोकरी कोटांचा वास त्यात हळूहळू मिसळत होता. मी डाव हातात घेऊन उभी होते. समोर कुलकर्णी वहिनी आल्या. त्यांचे यजमान माझ्या यजमानांच्याच हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर. वहिनींनी ताटली पुढे केली नाही. माझा मोकळा हात धरला आणि सोडलाच नाही.

"शैला, धीर सोडू नकोस हं. यातला हाच प्रकार त्यातल्या त्यात सौम्य, असं हे म्हणत होते."

"कशातला प्रकार, वहिनी?"

त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला.

"अगं, हे आपलं... भाताला मीठ जरा कमी झालंय का गं?"

मीठ बरोबर होते. माझ्या गळ्यावरची सुपारीएवढी गाठ काही आठवड्यांपूर्वी सुईने तपासली होती आणि "रिपोर्ट यायचाय" हे उत्तर मी घरात रोज ऐकत होते. मी डाव खाली ठेवला आणि बाहेर कार पार्कमध्ये जाऊन गाडीत बसले. सुधीर, माझे यजमान, मागोमाग आले. ते भूलतज्ज्ञ आहेत. माणसे किती खोल श्वास घेत आहेत हे त्यांना लांबूनच कळते.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"अकरा. तुझा कन्सल्टंट मला ऑपरेशन थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये भेटला. तुझं ऑपरेशन झालं की सांगणार होतो."

"आणि कुलकर्णी वहिनींना?"

"त्यांना नाही सांगितलं. कुलकर्णीला सांगितलं. मला कोणाशी तरी बोलायला हवं होतं ना, शैला!"

त्या शेवटच्या वाक्याने माझा राग अर्धा विझला आणि उरलेला अर्धा कित्येक महिने धुमसत राहिला. हे मी आज लिहिते आहे ते विशेषतः डॉक्टरांच्या बायकांसाठी. आपल्यावर उपचार करणारा माणूस आपल्या नवऱ्याबरोबर रोज चहा पितो. तो रिपोर्ट आधी त्याच्या हाती देतो, आणि त्याला ते सौजन्य वाटते. नवरा तो खिशात ठेवतो, आणि त्याला ते प्रेम वाटते. कोणाचेच मन वाईट नसते. तरीही स्वतःच्या गळ्याची गोष्ट ऐकायला आपण रांगेत शेवटी उभ्या असतो.

थंडी

गळ्यातली थायरॉइडची सबंध ग्रंथी काढली; त्या ऑपरेशनचे विशेष आठवत नाही. जागी झाले तेव्हा आवाज गेला होता आणि गळ्याशी एक घट्ट, खरखरीत कडे होते. आवाज तीन आठवड्यांत परतला, पण परका होऊन. वाळूवरून ओढलेल्या दोरासारखा. मी मराठी कविता शिकले आणि काही काळ शिकवलीही. स्वतःच्या कानांना मी अशी ऐकू येईन, हे मला नवे होते. नवल असे की दुःखाइतकेच कुतूहलही वाटले. रिकाम्या स्वयंपाकघरात मी एकेक स्वर उच्चारून पाही. 'ई' बारीक होऊन तुटे. 'ओ' मात्र शाबूत होता.

पुढचा टप्पा किरणोत्सारी आयोडीनचा होता. शरीरात कुठे तो रोग उरला असेल तर आयोडीन तिथे जाऊन बसते आणि त्याला जाळते. पण त्याआधी काही आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद ठेवतात, म्हणजे शरीर आयोडीनला भुकेले राहते. त्या आठवड्यांविषयी मला कोणी पुरेसे सांगितले नव्हते, म्हणून सांगते. थंडी बाहेरून येत नाही, हाडांच्या पोकळीतून येते. पापण्या जड होतात. शब्द उशिरा येतात. एकदा मला 'प्राजक्त' हा शब्द आठवायला दुपारचे जेवण ते चहा एवढा वेळ लागला. तो आला तेव्हा त्याचा वास आधी आला, मग रंग, आणि अक्षरे सर्वांत शेवटी.

घर सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, लक्ष्मणराव. आई केव्हाच गेली. आबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सारी नोकरी जखमींचे स्ट्रेचर वाहण्यात गेली. सामानात ज्वारीचे पीठ घेऊन ते विमानातून उतरले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या इलेक्ट्रिकच्या शेगडीवर भाकरी भाजू लागले.

"गळ्याला गाठ हुती म्हणं?" त्यांनी विचारले.

"हो आबा. काढली. आता एक औषध द्यायचं आहे फक्त."

हे मीच बोलले. कार पार्कमध्ये अकरा दिवसांचा हिशेब मागणारी मीच. सुधीरांनी माझ्याकडे पाहिले आणि भाकरीवर तूप लावले. आमची मुलगी केतकी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिलाही आम्ही 'ग्लँडचा प्रॉब्लेम' एवढेच सांगितले होते.

खोली

ती खोली वॉर्डच्या टोकाला होती. दाराच्या आत कमरेएवढ्या उंचीचा शिशाचा पडदा, चाकांवर उभा. बाहेर जमिनीवर पिवळी पट्टी. नळ, दाराच्या मुठी, टेलिफोन, उशी, सारे पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. रात्री कूस बदलली की उशी माझ्या कानाशी कुरकुरे. खिडकीतून विटांची भिंत आणि तिच्या वर यॉर्कशरच्या आभाळाचा एक करडा पट्टा दिसे.

केनेथ नावाचा भौतिकशास्त्रज्ञ औषध घेऊन आला. ट्रॉलीवर जाड शिशाचे भांडे, त्यात इवलीशी बाटली, तिच्यात स्ट्रॉ. "नुसतं पाण्यासारखं लागेल, लव्ह," असे तिकडच्या आपुलकीच्या रीतीने म्हणून तो दारापर्यंत मागे सरकला. मी ओढले. खरोखरच त्याला चव नव्हती. मी रंग, वास, ऊब काहीतरी शोधत राहिले. ज्याच्यापासून सगळे दूर पळतात ते पाण्यासारखे असावे, याचे मला फार आश्चर्य वाटले.

ज्यांना या खोलीत जायचे आहे त्यांनी जुनी, टाकून देता येईल अशी साडी न्यावी. लिंबाच्या गोळ्या सतत चघळाव्यात, नाहीतर लाळेच्या ग्रंथी दुखावतात. मी इतक्या चघळल्या की आजही लिंबाच्या सालीचा वास आला की मला प्लास्टिकची उशी ऐकू येते. आणि एक महत्त्वाचे: खोलीत नेलेला कागद खोलीतच राहतो. वही, पुस्तक, पत्र, काहीच लगेच बाहेर येत नाही. मला हे आधी माहीत असते तर मी कोरी वही नेली नसती.

मुलांना आणि गर्भवतींना तिथे प्रवेश नाही. इतरांना दिवसातून थोडा वेळ, पट्टीच्या पलीकडे. सुधीर ड्यूटीच्या मधल्या वेळात डोकावत. आबा मात्र रोज दुपारी बसने येत, मफलर न सोडता पट्टीपलीकडच्या खुर्चीत बसत आणि पडद्यावरून मला पाहत. मला मोठ्याने बोलता येत नव्हते आणि आबांना कमी ऐकू येई, म्हणून ते माझ्याही वाटचे मोठ्याने बोलत. पहिल्या दिवशी नर्स धावत आली. "इज एव्हरीथिंग ऑल राइट? भांडण चाललंय का?"

भांडण नव्हते. आबा विचारत होते, "आयडिन? त्ये तर आम्ही जखमंला लावायचो. हितं पेत्यात व्हय?"

घड्याळ

केनेथ दिवसातून दोनदा मोजणीचे यंत्र घेऊन येई. माझ्याकडे रोखले की ते तापल्या तव्यावरच्या मोहरीसारखे तडतडे. आबांना त्याचा भारी नाद लागला.

"दिसत न्हाई, वास न्हाई, मग ह्येला कळतंय कसं?" ते मला विचारत, मी केनेथला विचारे, आणि तो ट्रॉलीवरच्या कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवी. आबा मान डोलावत, पण पटलेले नसे.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "त्येला म्हणावं, माझ्यावर धर. मी किती तडतडतो बघू."

केनेथने हसत यंत्र त्यांच्याकडे वळवले. छातीपाशी ते गप्प होते. डाव्या मनगटापाशी येताच तडतडू लागले. केनेथचे हसू थांबले. आबांच्या मनगटावर पलटणीतल्या दिवसांचे घड्याळ होते. काट्यांवर अंधारात चमकणारा हिरवट रंग.

"रेडियम," केनेथ म्हणाला. डोळे लहान मुलासारखे झाले होते. "मिसेस जाधव, तुम्ही दोनेक महिन्यांत शांत व्हाल. हे घड्याळ हजार वर्षं बोलत राहील."

मी आबांना सांगितले.

"चाळीस वरसं घालून हाय," आबा म्हणाले. "कुठलं म्हणून इचार की मला."

"कुठलं?"

"सुराबायाचं. जावा बेटावरचं. तिथं एका गोऱ्या सायबानं दिलं, जाताना."

आबा जावाला, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, होते हे मला ठाऊक होते. घरात त्याहून अधिक कधीच बोलले गेले नव्हते.

केतकीचे प्रश्न

संध्याकाळी प्लास्टिकमधल्या फोनवरून मी केतकीला घड्याळाची गोष्ट सांगितली. तिच्या शाळेत हिस्टरीचा प्रोजेक्ट होता: घरातल्या ज्येष्ठ माणसाची युद्धाची आठवण. तिने तोवर शेजारच्या आजींचे नाव लिहून टाकले होते.

"आई! आजोबा वॉरमध्ये होता? तू मला कधी सांगितला नाही!"

"मलाच कुठे नीट माहीत होतं गं."

पुढच्या दुपारी आबांनी खिशातून तिचा कागद काढला. साल-महिना तेवढा तिने घरी आबांकडून काढला होता; पुढचे तिच्या मोडक्या मराठीला पेलेना, म्हणून सात प्रश्न, इंग्रजीत. कागद पट्टीच्या आत येऊ शकत नव्हता, तेव्हा आबाच वाचू लागले. त्यांना इंग्रजी येत नाही. पण पलटणीत रोमन अक्षरे शिकवलेली, ती पक्की. एकेक अक्षर जुळवत, कवायतीच्या आवाजात ते वाचत गेले. अर्थ मी लावायचा आणि मराठीत परत विचारायचा. उत्तर मी लिहू शकत नव्हते. लिहिलेले बाहेर गेले नसते. म्हणून मी पाठ केले. बोटांच्या पेरांवर एकेक तुकडा ठेवायचा, संध्याकाळी फोनवर पेरे मोजत केतकीला सांगायचा. अडखळणाऱ्या माझ्या मेंदूला त्या दिवसांत एवढे एकच काम नीट जमत होते.

"पहिला प्रश्न, आबा. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं होतं. मग तुम्ही ऑक्टोबरमध्ये तिथे का गेलात?"

"पोरगी हुशार हाय. आम्हीबी हेच इचारत हुतो. जपान पडलं, आम्ही गावाकडं जायच्या नादात. तेवढ्यात जहाजात घातलं. सांगितलं काय, तर जपान्यांच्या कोंडवाड्यात डच बाया-पोरं अडाकल्यात, त्यांना सोडवून बंदरावर न्यायची आन् जपान्यांच्या बंदुका गोळा करायच्या. काम चांगलं हुतं. आम्ही खुशीनं उतरलो."

"मग?"

"मग गाव बघितलं. घराघरावर तांबडा-पांढरा झेंडा. भिंतींवर ह्ये मोठं लिवल्यालं. लोक वरडायचे, 'मेर्देका!' आमचा दुभाषा म्हणाला, म्हंजे स्वातंत्र्य. पैल्या दिशी एका म्हातारीनं मला केळी दिली. तिला कळंना आम्ही कोण. आमच्यासारखंच काळं-सावळं, पर टोपी सायबाची."

पहिल्या पेरावर मी ती केळी ठेवली.

दोन दिवसांनी विमानातून कागद पडले, आबा सांगत होते. हत्यारे खाली ठेवा, नाहीतर गोळी, असा इंग्रजांचा हुकूम. आधी गावातल्या पुढाऱ्यांशी वेगळे ठरलेले. गाव पेटले. मराठा पलटणीच्या तुकड्या तोवर शहरभर विखुरलेल्या. कोणी गॅसच्या कारखान्यावर, कोणी पुलावर. आबांची तुकडी एका दवाखान्यावर, बत्तीस माणसे. दुपारी चार वाजता चारी बाजूंनी गोळीबार सुरू झाला.

"आवाज कसा होता?" हा प्रश्न केतकीचा नव्हता.

आबांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "आवाजाचं काय न्हाई. वास. चिंचंची झाडं हुती रस्त्याला, त्यांचा पाला गोळ्यांनी तुटून पडायचा. आंबूस वास. त्यात रबर जळाल्याचा. आन् आतनं आयडिनचा. आजबी चिंच फोडली की मला आयडिन येतं नाकात."

तीन दिवस पाणी नव्हते. बागेतल्या माशांच्या हौदातले पाणी ते रात्री ओंजळीने आणत. गोळ्या मोजून उडवत. शेजारच्या तुकड्यांचा एकेक करून आवाज बंद होत गेला. आणि कर्ण्यावरून हिंदुस्तानीत कोणी सतत बोलत होते: भाईयो, तुम्हीही गुलाम, आम्हीही गुलाम. आम्हाला का मारता? इकडे या.

"काही जण गेलेबी," आबा म्हणाले. "आमच्यातला कोण गेला न्हाई. पर ऐकलं समद्यांनी."

चौथा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. "व्हेर... यू... द... गुडीज... आर... द... ब्याडीज. ह्ये काय म्हणती ती?"

मी अर्थ लावला. "ती विचारते, तुमची बाजू बरोबर होती की चूक."

त्यांनी मफलर सारखा केला. कॉरिडॉरमध्ये चहाची ट्रॉली खडखडत गेली.

"बाया-पोरांना बंदरावर न्यायचं, ही बाजू बरोबर. ती पोचलीबी, लई जणी. आन् ज्यांनी गोळ्या घातल्या तेबी बरोबर. त्येंचं गाव, त्येंचा झेंडा. मधी आम्ही. दोन वरसांनी आपल्या गावात झेंडा वर चढीवला, तवा मला पुढं बलीवलं, पलटणीतला म्हणून. समदी वर बघत हुती. म्या बी बघितलं. मला तांबडा-पांढराच दिसला."

"हे तिला सांगू?"

"सांग की. इचारलंय तर सांगायचं."

पुढे नोव्हेंबरात मोठी लढाई झाली, आरमारी तोफांनी ते शहर भाजून काढले. ती गोष्ट आबांनी सांगितली नाही. "त्ये तिला पुस्तकात घावंल," म्हणाले. तिला घावले नाही. शाळेच्या पुस्तकात सुराबाया नव्हतेच. लायब्ररीतून आणलेल्या जाड ग्रंथात एक परिच्छेद होता आणि त्यात 'भारतीय सैनिक' असे दोनच शब्द.

"पण आजोबाचा नाव नाही त्यात," केतकी फोनवर म्हणाली. ती फार नाराज झाली होती.

भिकू

पाचव्या दिवशी सकाळी मला यंत्राखाली झोपवून संपूर्ण शरीराची छायाचित्रे घेतली. औषध कुठे कुठे जाऊन बसले आहे, ते त्यात ठिपक्यांनी दिसते. आणखी एक दिवस खोलीत राहायचे होते, कारण यंत्र अजून पुरेसे शांत झाले नव्हते. अकराच्या सुमारास सुधीर पट्टीपाशी आले.

"सगळं ठीक आहे. थोडं लक्ष ठेवायला हवं, एवढंच."

भूल देण्याआधी पेशंटशी ते याच आवाजात बोलतात. मी त्या आवाजाशी सोळा वर्षे संसार केला होता. "काय दिसलं?" असे विचारायला मी तोंड उघडले आणि विचारले नाही. विचारायचे नाही, म्हणजे त्यांना सांगावे लागणार नाही, अशी एक लबाड माया त्या क्षणी माझ्यात कुठून आली कोण जाणे. ते गेले. मी भिंतीच्या विटा मोजत राहिले आणि पुन:पुन्हा तिसऱ्या ओळीशी चुकत राहिले.

दुपारी आबा आले. केतकीचे प्रश्न संपले होते. कागद खिशातच होता.

"आज काय सांगणार, आबा?"

"भिकूचं सांगतो. पोरीला नगं सांगू. तुला सांगतो."

भिकू पलीकडच्या वाडीचा. दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्याच्या पोटात गोळी लागली. आबांनी त्याला ओढत आत आणले.

"पोटातली गोळी म्हंजे काय, त्ये मला ठावं हुतं. तेच काम माझं. त्यो म्हणाला, 'लक्ष्या, जगतो का रं मी?' म्या म्हणालो, 'लेका, उद्या जहाज येतंय. मदरासच्या दवाखान्यात घालत्यात तुला, महिन्याभरात गावाकडं.' त्यो हसला. म्हणाला, 'जहाजावर जेवाया काय देत्यात रं?' मग त्येच बोलत बसला. मटण आसंल का, भात आसंल का. तांबडं फुटताना गेला."

आबांनी केतकीचा कागद काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. 

"त्येला वाटलं, टाइम हाय. बायको पोटुशी हुती त्याची. आई हुती. त्येंच्यासाठी एक शब्द बोलला न्हाई. बोलला आसता. म्या त्याचा टाइम खाल्ला."

"आबा, तुम्ही त्याला धीर दिलात."

"व्हय, धीरच दिला. मग गावात गेलो, तर त्याची आई दारात. 'काय म्हणला रं माझा भिकू?' काय सांगू? मटण म्हणला? म्या बनवून सांगितलं. 'आईला जपा म्हणाला,' आसं. ती मरूस्तवर दर सणाला मला बलवायची, ताट वाढायची आन् तेच इचारायची. एका खेपंला माझा शब्द बदलला, तर तिनं धरला. 'मागल्या टायमाला आसं न्हवतंस सांगितलं.'"

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. भेटीची वेळ संपत आली होती. खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उठू लागले.

"आबा, थांबा," मी म्हणाले, आणि भिंतीवरची घंटा दाबली.

विचारणे

नर्सकरवी निरोप धाडला आणि कन्सल्टंट वीस मिनिटांनी आला; उंच, सभ्य, नेहमी घाईत असल्याबद्दल क्षमा मागणारा. मागे सुधीर होते. मी बिछान्यातून उठून पडद्याच्या आतल्या बाजूला उभी राहिले.

"स्कॅनमध्ये काय आहे, ते मला सांगा," मी माझ्या वाळूच्या आवाजात म्हटले.

त्याने सवयीने सुधीरांकडे पाहिले.

"सुधीर, तुम्ही थांबा," मी मराठीत म्हणाले, "पण मान तुम्ही हलवायची नाही."

मग त्याने मला सांगितले. डाव्या फुप्फुसात दोन बारीक ठिपके होते. आयोडीन तिथवर पोहोचले, ही चांगली गोष्ट; ते पोहोचते म्हणजे काम करू शकते. सहा महिन्यांनी पुन्हा एक मात्रा, कदाचित तिसरी. माझ्या वयाच्या बहुतेक बायका यातून नीट बाहेर पडतात. वचन मात्र तो देऊ शकत नव्हता. मी एकेक वाक्य पेरावर ठेवले. चमत्कारिक गोष्ट अशी की ऐकताना भीती कमी झाली. सकाळपासून जे सबंध शरीरभर पसरले होते ते आता दोन ठिपक्यांएवढे झाले.

"हे मी आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी बोला."

तो गेल्यावर सुधीरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "मला तुझं तोंड बघवलं नसतं म्हणून..." एवढेच म्हणाले. पट्टी ओलांडून यायचा मोह त्यांना झाला असावा. पायाचा अंगठा त्या पिवळ्या रेघेवर होता. मी हाताने थांबा म्हणून खूण केली. त्या दिवशी आम्ही जेवढे जवळ होतो तेवढे आधी कित्येक वर्षांत नव्हतो.

आबा खुर्चीतच होते. सारे बोलणे इंग्रजीत झाले होते.

"आबा," मी म्हणाले, "मला कॅन्सर आहे." तो शब्द माझ्या तोंडून मराठी वाक्यात प्रथमच बाहेर पडत होता.

"व्हय," आबा म्हणाले. "लिफ्टपाशी वॉर्डाच्या पाटीवर लिवलंय की. पैल्या दिशीच वाचलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून बसलो रोज." त्यांनी मफलर गुंडाळला. "पोरीला ठावं हाय?"

नव्हते. मी मान हलवली. ते आणि सुधीर निघाले, तेव्हा मी त्यांना सांगितले की घरी जाऊन केतकीला काही बोलू नका. लपवायचे म्हणून नव्हे, मीच सांगणार आहे म्हणून. खिडकीतला करडा पट्टा अजून उजळ होता. शाळा सुटून ती घरी पोहोचण्याची वेळ झाली होती. मी फोनवरचे प्लास्टिक सारखे केले आणि नंबर फिरवला.

तिने उचलला. मागे टीव्ही चालू होता. मी सरळ सांगितले. ठिपके, फुप्फुस, सहा महिने, तो शब्द. टीव्ही बंद झाला.

"आई, मग तू मरणार आहे?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"डॅडला माहीत होता?"

"हो."

"आजोबाला?"

"हो."

"कुलकर्णी आंटीला?"

"माझ्याही आधी."

"सो मी लास्ट. दॅट्स रिअली मीन, आई."

"हो. चुकलं माझं. फार चुकलं."

ती रडत होती, आणि रडतानाच नाक ओढत म्हणाली, "ओके. मग आता सगळा सांग. फ्रॉम द बिगिनिंग. काहीच सोडू नको. थांब, मी पेन आणते."

ती जिन्यावरून धावत गेल्याचा आवाज आला आणि धावत परतल्याचा. मी गळ्यावरच्या गाठीपासून सुरुवात केली. जे मला ठाऊक होते ते सांगितले. आणि जिथे ठाऊक नव्हते, तिथे 'माहीत नाही' असेच लिही, म्हणून सांगितले.